पर्सचा ‘स्पा’ आणि फूटपाथवरचा मोची

जुनी चामड्याची पर्स ‘लेदर स्पा’त दिली की बिल हजारांत येते आणि कोणी घासाघीस करत नाही. तिथे होते काय? कोरड्या ब्रशने धूळ झाडायची, ओलसर फडक्यावर सॅडल सोप घेऊन मळ काढायचा, सावलीत वाळवायचे (उन्हात चामडे कडक होते), मग कंडिशनर अगदी पातळ चोळायचा. उसवलेली शिवण मेणाच्या दोऱ्याने जुन्याच भोकांतून घालायची. शेजारी आरीने नवी भोके पाडली तर चामडे तिथेच फाटते.

हे कसब कोपऱ्यावर बसणाऱ्या चर्मकार काकांना आपल्याहून जास्त कळते. त्यांच्याशी मात्र दहा रुपयांसाठी हुज्जत! काचेच्या दुकानात ते ‘रिस्टोरेशन’ होते, फूटपाथवर ‘मोचीकाम’.

काही मित्र विचारतील, बाबासाहेबांनी १९२७ला महाडमध्ये मेलेली ढोरे ओढणे सोडायला सांगितले, आणि तुम्ही पुन्हा चामड्याकडे नेताय? अजिबात नाही. त्यांनी नाकारली ती जन्माने लादलेली सक्ती. ज्याला शिकून बाहेर पडायचेय त्याने जरूर पडावे. पण जो या धंद्यात आहे त्याला गाळा हवा, कर्ज हवे आणि ‘स्पा’चाच दर हवा. पुढच्या वेळी काका सांगतील तेवढे पैसे द्या.