चित्रकलेची पदवी : पात्रता बारावीची, तयारी मात्र आठवीपासूनची



बारावीचा निकाल लागला की दरवर्षी काही पालक शाळेत विचारायला येतात, "सर, पोरीचा हात चित्रकलेत चांगला आहे. तिला पुढं त्यातच जायचंय. काय लागतं त्याला?" मग शिक्षकखोलीत तीन जण तीन उत्तरं देतात. एक म्हणतो, त्याला सायन्स लागतं. दुसरा म्हणतो, आधी एटीडी करावं लागतं. तिसरा म्हणतो, काही लागत नाही हो, ज्याला मार्क कमी पडतात तो तिकडं जातो. ललित कलेची पदवी करायची म्हटलं तर ही तिन्ही उत्तरं चुकीची आहेत. आणि त्यातलं तिसरं उत्तर सगळ्यात जास्त नुकसान करतं.

म्हणून आधी नियम समजून घेऊ, आणि मग नियमात न लिहिलेल्या गोष्टीकडं वळू. कारण माझं म्हणणं त्या न लिहिलेल्या गोष्टीबद्दलच आहे.

आपल्या राज्यात ललित कलेची पदवी म्हणजे बी.एफ.ए., हा चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे. त्यात रेखा व रंगकला, शिल्पकला, उपयोजित कला, वस्त्रकला अशा शाखा असतात. प्रवेशासाठी राज्याचा सीईटी कक्ष एक वेगळी परीक्षा घेतो, तिला एएसी सीईटी म्हणतात. पात्रता अगदी साधी आहे. बारावी पास पाहिजे, कला, वाणिज्य, विज्ञान कोणतीही शाखा चालते. गुण किमान ४५ टक्के, मागासवर्गीय विद्यार्थ्यांना ४० टक्के. परीक्षेत वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र हे हाताने करायचे भाग आणि सोबत सामान्य ज्ञानाचे प्रश्न. त्यानंतर गुणवत्ता यादी आणि केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या फेऱ्या. मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयाला, म्हणजे आपल्या ओळखीच्या जे.जे.ला, २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आहे, त्यामुळे तिथली प्रवेशाची माहितीपुस्तिका वेगळी वाचावी. बाकी नियमही त्या-त्या वर्षीच्या पुस्तिकेतूनच पक्के करावेत, ऐकीव माहितीवर फॉर्म भरू नये.

इथं एक गल्लत नेहमी होते, ती आधीच दूर करू. आर्किटेक्चर म्हणजे वास्तुकला हा वेगळा रस्ता आहे. त्याला नाटा ही परीक्षा असते आणि बारावीला गणित लागतं. डिझाईन हा तिसरा रस्ता. त्याला एनआयडी, निफ्ट किंवा आयआयटींची यूसीड अशा परीक्षा असतात आणि त्यांनाही कोणतीही शाखा चालते. "चित्रकलेला सायन्स लागतं" हा समज बहुतेक आर्किटेक्चरवरून आलेला आहे. या एका गैरसमजापायी चित्रकलेची आवड असलेलं पोरगं दोन वर्षं फिजिक्सच्या क्लासला बसतं, आणि त्या दोन वर्षांत त्याच्या हातात एकदाही ब्रश येत नाही.

तर कागदावरची अट ही एवढीच आहे. ४५ टक्के आणि कोणतीही शाखा. बघायला गेलं तर दार सताड उघडं आहे.

मग आपल्या जिल्ह्यातली लेकरं त्या दारातून आत जाताना का अडतात?

कारण खरी अट त्या परीक्षेच्या कागदावर असते. समोर ठेवलेल्या किंवा सांगितलेल्या वस्तू दिलेल्या वेळात प्रमाणात मांडणं, त्यांचा छायाप्रकाश दाखवणं, गर्दीच्या प्रसंगात माणसांच्या आकृती उभ्या-बसलेल्या-वाकलेल्या काढणं, एखाद्या चौकटीत आकार आणि रंग बसवणं, हे दोन महिन्यांच्या क्रॅश कोर्सनं येत नाही. पाढे जसे तोंडात बसावे लागतात तशी रेषा हातात बसावी लागते. त्याला वर्षं लागतात. ती वर्षं कोणती? आठवी, नववी, दहावी.

योगायोग नाही, पण शासनाच्या रेखाकला परीक्षा नेमक्या याच वयात येतात. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. कला संचालनालयाच्या या परीक्षांचे विषय आठवून बघा. वस्तुचित्र किंवा स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. आता सीईटीचे भाग शेजारी ठेवून बघा. पहिले तीन विषय जवळपास तेच आहेत, फक्त अपेक्षा वाढलेली आहे. म्हणजे पदवीच्या प्रवेशाची शिडी आपल्या शाळेतच लावलेली आहे. आपण तिच्याकडं शिडी म्हणून बघत नाही.

आपण बघतो ते गुणांकडं. इंटरमिजिएटला ए श्रेणी मिळाली की दहावीला ७ गुण, बी ला ५, सी ला ३. हे वाढीव गुण मिळायला लागले हे चांगलंच झालं, परीक्षेला बसणारी मुलं त्यानं वाढली. पण त्याबरोबर परीक्षेचा अर्थही बदलला. आदल्या महिन्यात चार रविवार वर्ग घ्यायचे, ठरलेली दोन-तीन चित्रं घोटून घ्यायची, श्रेणी मिळवायची, आणि नववीतच रंगपेटी माळ्यावर टाकायची. मुलाला ७ गुण मिळतात, पण चित्र काढायची सवय लागत नाही. पुढं तेच मूल बारावीनंतर सीईटीला बसतं तेव्हा मध्ये तीन वर्षांची पोकळी असते, आणि ती कागदावर लगेच दिसते.

आता दुसरी बाजू. शिकवणार कोण? शिक्षण हक्क कायदा २००९ च्या अनुसूचीत लिहिलंय की सहावी ते आठवीच्या वर्गांत १०० पेक्षा जास्त मुलं असतील तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षणासाठी अर्धवेळ निदेशक द्यावेत. वाचायला बरं वाटतं. पण लोणार, मोताळा, संग्रामपूर, जळगाव जामोदकडच्या खेड्यांतल्या शाळा डोळ्यासमोर आणा. सहावी ते आठवी मिळून १०० चा पट ओलांडणाऱ्या शाळा किती निघतील? पट कमी, म्हणून निदेशक नाही. निदेशक नाही, म्हणून चित्रकलेचा तास म्हणजे ऑफ तास, नाहीतर गणिताचा उरलेला भाग पूर्ण करायचा तास. मग मोठ्या शहरात सातवीपासून चित्रकला वर्गाला जाणारं मूल आणि आपल्याकडचं मूल एकाच गुणवत्ता यादीत उभं राहतं. नियम दोघांना सारखाच आहे, पण तयारीत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

यावर काही शिक्षक म्हणतील, आम्ही काही ड्रॉईंग मास्तर नाही, आम्हाला स्वतःला बैल काढता येत नाही, आम्ही काय शिकवणार? प्रश्न रास्त आहे. उत्तरादाखल सय्यद हैदर रझा यांचं उदाहरण सांगतो. जगभर नाव झालेले हे चित्रकार १९२२ साली आजच्या मध्य प्रदेशातल्या मंडला भागातल्या बाबरिया या जंगलातल्या गावी जन्मले. शाळेत त्यांचं लक्ष लागत नव्हतं, तेव्हा प्राथमिक शाळेच्या गुरुजींनी भिंतीवर एक बिंदू काढला आणि त्याच्याकडं बघत बसायला सांगितलं. ही आठवण रझा आयुष्यभर सांगत राहिले, आणि पुढं तोच बिंदू त्यांच्या चित्रांच्या मध्यभागी आला. ते नागपूरच्या कलाशाळेत शिकले, मग जे.जे.त शिकले. चित्रकला त्यांना या संस्थांनी शिकवली, पण एका जागी नजर ठेवायला शिकवलं ते खेड्यातल्या गुरुजींनी. आपल्याकडूनही तेवढीच अपेक्षा आहे. मुलाला बघायला लावायचं आणि त्याचा तास त्याच्याकडून हिरावून घ्यायचा नाही.

आता पालकांचा खरा प्रश्न. "सर, ते सगळं खरं, पण पोट भरतं का त्याच्यावर?" सोयाबीन-कपाशीवर घर चालवणाऱ्या माणसानं हा प्रश्न विचारला तर त्याला कलेची कदर नाही असं म्हणू नये. तो बरोबरच विचारतो. याचं प्रामाणिक उत्तर असं की हमी नाही. कलाशिक्षकाच्या जागा फार थोड्या निघतात. स्वतंत्र चित्रकार म्हणून उभं राहायला वर्षं जातात. उपयोजित कला घेतली तर जाहिरात, छपाई, पुस्तकं, पॅकिंग, ॲनिमेशन, मोबाईलचे पडदे अशी कामं आहेत, पण तिथंही हात आणि डोकं दोन्ही चालणारा माणूस लागतो. रंग, कागद, शहरातली खोली हा खर्च वेगळाच. म्हणून फी बघताना शासकीय महाविद्यालयांची नावं आधी लिहा. आपल्याला नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथं शासकीय महाविद्यालयं आहेत, आणि त्यातलं संभाजीनगर तर अगदी जवळचं. कला संचालनालयाच्या शिष्यवृत्त्या महाडीबीटी पोर्टलवर असतात, त्याही बघाव्यात.

पण हमी नाही म्हणून जे मूल दिवसातले दोन तास स्वतःहून चित्र काढतं त्याला अडवणं, आणि जे कधीच काढत नाही त्याला गुण कमी पडले म्हणून तिकडं ढकलणं, या दोन्ही गोष्टी सारख्याच चुकीच्या आहेत. ही पदवी अभ्यास टाळायची पळवाट नाही. चार वर्षं हजेरी, दर आठवड्याचं काम, शिवाय कलेचा इतिहास आणि सौंदर्यशास्त्र यांचे लेखी विषय. तिथं वाचावं लागतं, लिहावं लागतं, आपल्या कामाबद्दल बोलावं लागतं. म्हणून मराठी-इंग्रजीच्या शिक्षकांनो, चित्र काढणाऱ्या मुलाला "तुला काय करायचंय निबंध" असं म्हणू नका. त्याला निबंध इतरांपेक्षा जास्त लागणार आहे.

आणि कलेचा इतिहास म्हणाल तर तो आपल्या उंबऱ्यावर आहे. जे.जे. स्थापन झालं १८५७ साली. त्याचे जॉन ग्रिफिथ्स हे १८७२ ते १८८५ या काळात आपले विद्यार्थी घेऊन अजिंठ्याला येत आणि लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करवून घेत. पेस्तनजी बोमनजी हे त्यातलेच एक. त्या काळी मुंबईहून विद्यार्थी इथवर शिकायला आले, आणि ज्या अजिंठ्याच्या डोंगररांगेवर बुलढाणा शहर वसलंय त्याच रांगेतली ती लेणी आपल्या किती मुलांनी वही-पेन्सिल घेऊन पाहिली आहेत? लोणारचं दैत्यसूदन मंदिर, सिंदखेड राजाचा राजवाडा, मेहकरची शारंगधर बालाजीची मूर्ती, हे सगळं आपल्याला सहलीत फोटोपुरतं दिसतं. त्याच सहलीत अर्धा तास मुलांना खाली बसवून एक खांब, एक कमान काढायला लावली तर तो वस्तुचित्राचा धडाच झाला.

स्मरणचित्राच्या बाबतीत तर आपली मुलं मागं नाहीतच, उलट दोन पावलं पुढं आहेत. आठवडी बाजार, पोळा, एसटी स्टँड, विहिरीवरचं काम, कापूस वेचणी असे विषय शहरातल्या मुलाला कल्पनेनं काढावे लागतात. आपल्या मुलानं ते बघितलेले असतात. डोक्यावर ओझं घेतलेली बाई मान कशी धरते हे त्याला माहीत असतं. फक्त ते कागदावर उतरवायची सवय लावायची आहे.

तेव्हा करायचं काय? फार मोठं काही नाही.

शिक्षकांनी वेळापत्रकातला चित्रकलेचा तास त्याच कामाला वापरावा. महिन्यातून एकदा घड्याळ लावून एका तासात एक पूर्ण चित्र काढून घ्यावं, कारण वेळेत संपवणं हेही शिकावं लागतं. टेबलावर तांब्या, कांदे, एक घडी घातलेलं फडकं ठेवलं तरी वस्तुचित्र होतं. इंटरमिजिएट झाल्यावर चांगल्या हाताच्या मुलांना दहावीतही सोडून देऊ नये. आणि आठवी-नववीच्या पालकसभेत एकदा तरी सांगावं की असा पदवीचा रस्ता आहे आणि त्याला सायन्सची सक्ती नाही.

पालकांनी मुलाला एक साधी कोरी वही घेऊन द्यावी आणि रोज एक पान भरलं का एवढंच विचारावं, चांगलं आलं का हे विचारू नये. अकरावीला शाखा निवडताना ज्या शाखेत चित्रासाठी वेळ उरेल ती घ्यावी. अधिवास, उत्पन्न, जात आणि जात वैधता, लागू असेल तर नॉन-क्रीमीलेअर, ही कागदपत्रं बारावीच्या वर्षातच तयार ठेवावीत. चित्र चांगलं येऊनही केवळ दाखल्यासाठी प्रवेश अडकला असं होऊ देऊ नये. आणि शक्य असेल तर मुलाला एकदा संभाजीनगर किंवा नागपूरच्या महाविद्यालयात नेऊन तिथल्या मुलांचं काम दाखवावं. आपल्याला हे करायचंय की नाही हे ते मूलच मग तुम्हाला सांगेल.

विद्यापीठ बारावीची गुणपत्रिका मागतं, ती तर सगळेच देतात. पण परीक्षेच्या हॉलमध्ये कोरा कागद पुढं आला की आठवीपासून तासाला काय झालं ते त्या कागदावर दिसतं. येत्या सोमवारी वेळापत्रकात चित्रकलेचा तास कुठं आहे ते बघा, आणि त्या तासाला दुसरं काही घेऊ नका.