तिला एकटीला पाठवू नका

"दुखत नाही ना, मग राहू दे." स्तनात गाठ लागली की आपल्याकडे पहिलं उत्तर हेच. मग लगीनसराई, मग सोयाबीनची काढणी, मग पोराची दहावी. त्यात कुणीतरी सांगतं की सुई टोचली की कॅन्सर पसरतो. हा निव्वळ गैरसमज. पण त्यापायी बायोप्सीही राहते. सुरुवातीला गाठ बहुतेकदा दुखतच नाही. बरं होण्याचा हुकमी काळ असा हातातून निसटतो.

२०२२ मध्ये देशात अंदाजे १ लाख ९२ हजार महिलांना स्तनाचा कॅन्सर झाला, सुमारे ९८ हजार दगावल्या. वेळेवर पोचत्या तर यातल्या कितीतरी वाचल्या असत्या. टाटा मेमोरियलने १९९८ पासून वीस वर्षं मुंबईच्या वस्त्यांमध्ये अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी नुसत्या हातांनी तपासायच्या. तेवढ्यानं पन्नाशीपुढच्या बायकांमधले या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले!

आज सरकारी आरोग्य केंद्रांत तिशीपुढच्या बायकांची तपासणी होते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून उपचार मिळतात. बार्शीसारख्या गावातही कॅन्सर रुग्णालय आहे. कमी पडतं ते सोबतीचं माणूस. रिपोर्ट आणायचा, केमोला पुन्हापुन्हा जायचं, मागे घर कोण बघणार? उपचार अर्धवट सुटतात ते इथंच.

ही सोबत आपण देऊ शकतो. एकीनं तिच्याबरोबर दवाखान्यात जावं, दुसरीनं तिची पोरं, गुरं बघावीत. पुरुष मंडळींनो, गाडी काढा, आणि चूल एक दिवस तुम्ही सांभाळा.

आणि ज्या यातून बऱ्या झाल्यात, त्यांना मानानं पुढं बोलवू. ऑपरेशननंतर हात लगेच वर जात नाही. डॉक्टरांनी सांगितल्यावर भिंतीवर बोटं हळूहळू चढवायची, पोचली तिथं पेन्सिलीची खूण करायची, मग दुसऱ्या दिवशी त्याच्या वर. हा धीर त्यांच्याइतका कोण देणार? केस गळाल्यावर आरशासमोर कसं उभं राहायचं, तेही त्याच सांगू शकतात.

पुढच्या बचत गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की गावच्या आशा सेविका ताईंना दहा मिनिटं बोलू द्या. गाठ, काखेतली सूज, आत ओढलेली त्वचा, स्तनाग्रातून रक्त, सगळं स्पष्ट शब्दांत. चारचौघींत कुणी बोलणार नाही, म्हणून नंतर एकेकीला बाजूला घेऊन असं काही जाणवतं का ते विचारू. जी 'हो' म्हणेल, तिची दवाखान्याची तारीख तिथंच ठरवू, आणि बरोबर कोण जाणार तेही.