सहा टेबलांचा प्रश्न

सप्टेंबर २०२३ मध्ये पवईच्या आय. आय. टी.तील तीन वसतिगृहांच्या सामाईक भोजनगृहात सहा टेबले केवळ शाकाहारासाठी राखून ठेवण्यात आली. निषेध म्हणून तेथे मांसाहार करणाऱ्या विद्यार्थ्याला दहा हजार रुपयांचा दंड झाला. सहाच तर टेबले, एवढा गहजब कशाला, असे कोणी म्हणेल. प्रश्न संख्येचा नाहीच, असे आमचे म्हणणे आहे.

एखाद्याला मासळीचा वास सोसवत नाही, हे आम्ही जाणतो. त्याची थट्टा करणे असभ्यपणाचे ठरेल. त्याच्यासाठी वेगळी भांडी, वेगळे डाव, वेगळी वाढणी अवश्य असावी. परंतु ताट ज्याचे त्याचे. टेबल मात्र सर्वांचे. ताटात मासळी असणाऱ्याने येथे बसू नये, असा नियम झाला आणि तो दंडाने राखला गेला, की आवडीचे सोवळे होते. आपल्या देशात कोण काय खातो हे बहुधा जन्माने ठरते, हे विसरून कसे चालेल?

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यात काढलेल्या वसतिगृहात निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत. १९२७ साली त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग’ असे नामकरण झाले ते गांधीजींच्या हस्ते, आणि गांधीजी तर पक्के शाकाहारी!

पालकहो, विद्या वर्गात मिळते. शेजारच्या ताटाकडे पाहून नाक न मुरडण्याचे शिक्षण भोजनगृहातच मिळते. ते बंद करण्याचा अधिकार कोणत्याही समितीला नसावा.