लखनौ ते मुंबई: विमानाचे सव्वादोन तास आणि दारापासून दारापर्यंतचा प्रवास

"लखनौहून मुंबई किती लांब?" असं कुणी विचारलं की तुम्हीही पटकन म्हणत असाल, "विमानाने सव्वादोन तास!" मागच्या डिसेंबरात मीही नाशिकच्या आजीला फोनवर हेच सांगितलं. "सकाळी 7 चं विमान आहे, दुपारी तुझ्यासोबतच जेवते." पोहोचले रात्री साडेनऊला. आजीला शुगर आहे. गोळी घेऊन ती माझ्यासाठी न जेवता बसली आणि संध्याकाळी तिला चक्कर आली.

मग हिशेब चुकला कुठे? चला, पाहूया.

लखनौ आणि मुंबई विमानतळांमधलं सरळ रेषेतलं अंतर सुमारे 1,185 किलोमीटर आहे. ताशी 800 किलोमीटर वेग धरला तर दीड तास पुरायला हवा. पण तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दुसरीकडे जागेवर थांबेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत थांबणं, उतरताना मुंबईवर घातलेल्या घिरट्या, सगळं त्यात आलं. त्यात हिवाळ्यात वर पश्चिमेचे जोरदार वारे असतात. मुंबईकडे येताना ते समोरून लागतात, म्हणून येताना जातानापेक्षा थोडा जास्त वेळ लागू शकतो.

आता दारापासून मोजा. गोमतीनगरहून अमौसीचा विमानतळ: 1 तास. बहुतेक कंपन्यांचे काउंटर उड्डाणाच्या 60 मिनिटं आधी बंद होतात, म्हणून 2 तास आधी पोहोचायचं. विमान सव्वादोन तास, बॅग घेऊन बाहेर यायला अर्धा तास, पुढे नाशिकपर्यंत गाडीने 4 तास. झाले पावणेदहा तास! पुष्पक एक्सप्रेसला मुंबईपर्यंत साधारण 24 तास लागतात, त्यामुळे विमान जलदच. पण सव्वादोन तासांचं नक्कीच नाही.

शिवाय डिसेंबर-जानेवारीत लखनौला पहाटे दाट धुकं पडतं. आपलं विमान ज्या शहरातून यायचं तेच उशिरा आलं, की आपणही अडकतो. माझं 7 चं विमान दुपारी अडीचला उडालं.

म्हणून एवढं लक्षात ठेवा:

• हिवाळ्यात शक्यतो दुपारचं विमान घ्या.
• ऑपरेशन, परीक्षा, लग्न असेल तर आदल्या दिवशीच पोहोचा.
• मेट्रो विमानतळापर्यंत जाते, पण पहाटे 4 ला ती नसते. गाडी रात्रीच ठरवून ठेवा.
• घरी वाट पाहणाऱ्यांना विमानाची नाही, घरी पोहोचण्याची वेळ सांगा, तीही थोडी पुढची.

आता मी आजीला एवढंच सांगते, "तू वेळेवर जेवून घे, मी रात्रीपर्यंत येते." दुपारीच पोहोचले तर ती पुन्हा ताट वाढायला तयारच असते!