होम-बेस्ड, पण कॉक्स बाजारमध्ये

‘होम-बेस्ड कन्सल्टन्सी. कालावधी ४० वर्किंग डेज. उत्तम इंग्रजी लेखन आवश्यक. ह्युमॅनिटेरियन प्लॅनिंगचा अनुभव असल्यास प्राधान्य.’ रिलीफवेबच्या जॉब्सच्या पानावर अशा धाटणीची जाहिरात कधीही बघा, एखादी तरी सापडतेच. वाचल्या वाचल्या डोळ्यांसमोर काय येतं? घरची बाल्कनी, मांडीवर लॅपटॉप, बाजूला कॉफी, डॉलरमधलं पेमेंट आणि वर जगाचं भलं केल्याचं समाधान. ना लोकलचे धक्के, ना बॉसची कटकट. सही ना!

पण आज जरा टेबलाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसू या. हे काम मिळवायचं कसं, हा आजचा विषय नाही. ते दुसऱ्याला द्यायचं कसं, हा आहे. आपल्यातले बरेच जण आता सीएसआरमध्ये किंवा एखाद्या एनजीओच्या प्रोग्रॅम टीममध्ये आहेत आणि ‘अगं, एखादा बरा कन्सल्टंट बघ ना, टीओआर टाकून दे’ हे वाक्य कधी ना कधी त्यांच्या वाट्याला येतंच. टीओआर म्हणजे काम काय, दिवस किती, पैसे कधी, हे सांगणारी ती दोन-चार पानं. ती साधारण अर्ध्या तासात मागच्या वर्षीच्या फाइलवरून कॉपी-पेस्ट होतात. खरा घोळ तिथेच सुरू होतो.

आधी हे डॉक्युमेंट काय असतं ते बघू. मोठं संकट आलं की तिथे काम करणाऱ्या संस्था मिळून एक प्लॅन लिहितात. किती लोकांना गरज आहे, त्यातल्या किती जणांपर्यंत आम्ही पोचू, काय देऊ, त्याला किती डॉलर लागतील. देणगीदार सरकारं तो वाचतात आणि पैसे देतात, किंवा देत नाहीत. थोडक्यात, हे जगातलं सगळ्यात सीरियस ग्रुप प्रोजेक्ट आहे. आणि ग्रुप प्रोजेक्टमध्ये शेवटी एकच बिचारा रात्री जागून सगळ्यांची पानं जोडत बसतो, हे आपल्याला कॉलेजपासून माहीत आहे.

कॉक्स बाजारचंच घ्या. २५ ऑगस्ट २०१७ नंतरच्या काही महिन्यांत म्यानमारमधून सात लाखांहून जास्त रोहिंग्या जीव मुठीत धरून बांगलादेशात आले. आधी आलेले धरून हा आकडा दहा लाखांच्या वर जातो. उखिया आणि टेकनाफ या भागांतल्या ३३ कॅम्पांत हे लोक राहतात. त्यांच्यासाठी २०१८ पासून जॉइंट रिस्पॉन्स प्लॅन निघतो. २०२५-२६चा प्लॅन २४ मार्च २०२५ रोजी जिनिव्हात जाहीर झाला. शंभरावर संस्था, कॅम्पमधले आणि शेजारच्या गावांतले बांगलादेशी मिळून १४ लाख ८० हजार लोक, आणि पहिल्या वर्षाची मागणी ९३ कोटी ४५ लाख डॉलर. आता अशा प्लॅनमधला एखादा भाग लिहायला तुम्ही कोथरूडमधल्या कुणाला तरी बसवलंत, तर काय होईल?

पहिल्यांदा शब्द अडतील. आपला कन्सल्टंट हुशार आहे, इंग्रजी एकदम चकाचक. तो सरळ लिहितो, ‘मुलांसाठी शाळा बांधणार, मोठ्यांना रोजगार देणार, पक्की घरं उभारणार.’ तीन वाक्यं आणि तिन्ही परत येणार! कॅम्पमध्ये ‘शाळा’ नसते, ‘लर्निंग सेंटर’ असतं, कारण रोहिंग्या मुलांना बांगलादेशचा अभ्यासक्रम शिकवायला तिथल्या सरकारची परवानगी नाही. या लोकांना नोकरी करण्याचा अधिकार नाही, म्हणून कामगार म्हणायचं नाही. ते ‘व्हॉलंटियर’ आणि त्यांना मिळतो तो मोबदला. घरं बांबू-ताडपत्रीची, तात्पुरती, कारण लोक परत जाणार आहेत ही सरकारची भूमिका. इतकंच काय, सरकारी कागदात ‘रोहिंग्या निर्वासित’सुद्धा नसतात. तिथे असतात ‘म्यानमारचे सक्तीने विस्थापित झालेले नागरिक’. यातल्या प्रत्येक शब्दामागे महिनोन्महिने चाललेल्या वाटाघाटी आहेत. ज्याला हे माहीत नाही, त्याचा पहिला ड्राफ्ट लाल रंगात न्हाऊन येतो आणि तुमचे दहा दिवस गेलेच म्हणून समजा.

मग अडतात त्या न दिसणाऱ्या गोष्टी. स्फिअर नावाचं एक जगभर वापरलं जाणारं हँडबुक आहे. माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी, २० जणांमागे एक टॉयलेट, माणशी साडेतीन चौरस मीटर छप्पर, असे आकडे त्यात आहेत. ते घरी बसून गुणता येतात. एक्सेल झिंदाबाद! पण कुतुपालोंगचा कॅम्प पसरला तो आशियाई हत्तींच्या येण्या-जाण्याच्या वाटेवर, आणि हत्तींच्या पायाखाली माणसं मेली. मग यूएनएचसीआर आणि आययूसीएनने कॅम्पमधल्याच लोकांची ‘एलिफंट रिस्पॉन्स टीम’ उभी केली. ती टेहळणीच्या मचाणावर रात्रभर जागते आणि हत्ती आले की त्यांना जंगलाकडे वळवते. सॅटेलाइट फोटोत टेकडी हिरवीगार दिसते, हत्तीची वाट दिसत नाही. सरपणाचंही तेच. तांदूळ दिला, पण शिजवायचा कशावर? लोकांनी टेकड्यांवरची झाडं तोडली, मुळं उपटली, पावसाळ्यात दरडींचा धोका वाढला. २०१८ मध्ये एलपीजी वाटप सुरू झालं तेव्हा जंगलाला जरा उसंत मिळाली. म्हणजे गॅस सिलिंडर ही अन्नाची बाब, जंगलाची, दरडींची आणि सरपणाला एकट्या जाणाऱ्या बायका-मुलींच्या सुरक्षेचीही. प्लॅनमध्ये ती कुठल्या चॅप्टरमध्ये टाकायची? याचं उत्तर गुगलवर नाही, तिथे काम करणाऱ्या माणसाकडे आहे. त्याला फोन करावा लागतो.

आणि फोन कधी करायचा, तर तोही एक फंडाच आहे. बांगलादेशात सुट्टी शुक्रवार-शनिवार, रविवारी ऑफिस चालू. जिनिव्हाला सुट्टी शनिवार-रविवार. म्हणजे सगळे एका कॉलवर यायचे तर सोमवार ते गुरुवार, बस्स. त्यातही जिनिव्हात सकाळचे नऊ वाजतात तेव्हा कॉक्स बाजारमध्ये दुपारचा एक वाजलेला असतो, हिवाळ्यात दोन. उरतात रोजचे तीन-चार तास. हे काम घरून करणारी माझी एक मैत्रीण आहे, तिने शुक्रवार हा आपला रविवार करून टाकलाय. खऱ्या रविवारी नवरा-मुलं सिनेमाला जातात तेव्हा ती न्यूट्रिशन टीमच्या कॉलवर असते. टीओआरमध्ये ‘४० दिवस’ लिहिताना लिहिण्याचे दिवस मोजले जातात, वाट बघण्याचे कुणी मोजत नाही. तुम्ही मोजा. रिव्ह्यूला किती दिवस, कॉमेंट्स कोण गोळा करणार, दोन संस्थांच्या कॉमेंट्स एकमेकींच्या विरुद्ध आल्या तर फायनल कोण सांगणार, हे नावासकट लिहा. नाहीतर तो फैसला कन्सल्टंट करतो, आणि तो करायचा अधिकार त्याचा नाही.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. ड्राफ्ट बाहेरून लिहून घेता येतो, निवड बाहेरून करून घेता येत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी २०२५ साठी जगभर मिळून ४७ अब्ज डॉलर मागितले होते, जवळपास १९ कोटी लोकांसाठी. पैसे आटले. जून २०२५ मध्ये यादी कापून २९ अब्ज डॉलर आणि ११ कोटी ४० लाख लोक अशी केली गेली. मधली माणसं कुठे गेली? कुठेच नाही. ती होती तिथेच आहेत, फक्त यादीतून खाली गेली. यादीला कात्री लावायचं काम दिवसाच्या रेटवर घेतलेल्या कुणावर ढकलू नये. तो घरी बसलाय म्हणून तर नाहीच नाही.

लॉगफ्रेमबद्दल थोडं सांगते, कारण प्रत्येक टीओआरमध्ये ती मागितलेली असतेच. उद्दिष्ट, परिणाम, कामं, मोजमाप आणि शेवटचा रकाना ‘गृहीतकं’. त्यात बहुतेक जण ‘सुरक्षा परिस्थिती स्थिर राहील’ एवढं टाकून मोकळे होतात. ही पद्धत १९६९ मध्ये तयार झाली ती अमेरिकेच्या यूएसएडसाठी. गंमत बघा, जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत गोठवली, १ जुलै २०२५ पासून यूएसएडमार्फत मदत देणंच थांबलं, आणि रोहिंग्यांसाठी सर्वाधिक पैसे देणारा देश अमेरिकाच होता. ‘निधी चालू राहील’ हे गृहीतक तर कितीतरी लॉगफ्रेममध्ये लिहिण्याच्याही लायकीचं वाटलं नसेल.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक, पण ड्राफ्ट तर एआयसुद्धा मिनिटात करून देतं, मग माणूस कशाला? बरोबर. वाक्यं स्वस्त झालीत. म्हणून तर इंटरव्ह्यूमध्ये रायटिंग सॅम्पल बघत बसू नका. त्याऐवजी एक आकडा पुढे ठेवा. कॉक्स बाजारमध्ये माणशी महिन्याचं रेशन २०२३ च्या सुरुवातीला १२ डॉलरचं होतं. मार्चमध्ये ते १० झालं, जूनमध्ये ८. २०२४ मध्ये हळूहळू साडेबारापर्यंत चढलं. मार्च २०२५ मध्ये वर्ल्ड फूड प्रोग्रॅमने सांगितलं, एप्रिलपासून ६. मग महिनाअखेरीस पैसे मिळाले आणि १२ वर निभावलं. एक्सेलमध्ये हा एक सेल. एका आईसाठी चार पोरांना दोन वेळा की एक वेळ.

समोरच्याला विचारा, ‘हा सेल उद्या १२ चा ६ झाला, तर तू प्लॅनमधलं दुसरं काय काय बदलशील आणि आधी कुणाला विचारशील?’ जो लगेच नवीन पॅराग्राफ सुचवायला लागेल, त्याला चहा पाजा आणि थँक यू म्हणा. जो म्हणेल, ‘न्यूट्रिशनवाल्यांना विचारतो, कुपोषित मुलं किती वाढतील ते. मग प्रोटेक्शनवाल्यांना, कारण घरात खायला कमी पडलं की मुलींची लग्नं लवकर लावतात. आणि उखियात फिल्डवर असणाऱ्याचा नंबर मला आजच द्या,’ त्याला घ्या. त्याची इंग्रजी स्पेलिंगं तुम्ही सुधारा. आणि उखियातल्या त्या माणसाच्या दिवसांचे पैसेही त्याच बजेटमध्ये धरा.