धावणाऱ्या लेकीची न्याहारी

कर्जत-खालापूरच्या डोंगराच्या कुशीत ठाकुरवाडी नावाच्या वस्त्या जागोजागी आहेत. तिथल्या डांबरी रस्त्यावर हल्ली पहाटे मुलेमुली धावताना दिसतात. शेजारच्या बौद्धवाडीतली पोरेही त्यांच्यासोबत असतात. कुणाला पोलीस भरतीत उतरायचे असते. तिथे मुलींना ८०० आणि मुलांना १६०० मीटर धावावे लागते. कुणाची नजर त्याही पुढे, दहा किलोमीटरवर आणि एकवीस किलोमीटरच्या अर्धमॅरेथॉनवर असते. धावून घरी आल्यावर मात्र पुढ्यात येतो चहा आणि दोन खाऱ्या. माता-भगिनींनो, आज या पहाटेच्या ताटाबद्दलच बोलू.

मैदानावर मुलांच्या कानी दोन गोष्टी पडतात. एक, प्रोटीनची पावडर घे. दुसरी, ग्लुटेन सोड. पावडरीच्या डब्याला दोन-तीन हजार रुपये पडतात. मजुरीवर चालणाऱ्या घराने ते कुठून आणायचे? म्हणून आधी या दोन्ही शब्दांचा अर्थ समजून घेऊ.

ग्लुटेन म्हणजे गहू, जव आणि राय या धान्यांतला चिकट भाग. कणीक ताणली जाते ती त्याच्यामुळे. ज्यांना सिलियाक नावाचा आजार आहे, त्यांच्या आतड्याला ग्लुटेनने इजा होते. सारखे जुलाब, पोट फुगणे, वजन न वाढणे, लोहाच्या गोळ्या घेऊनही रक्त न वाढणे ही त्याची लक्षणे असू शकतात. पोर धावताना लवकर दमते म्हणून तिला आळशी ठरवू नका, डॉक्टरांना दाखवा. या आजाराची रक्ततपासणी गहू खाणे चालू असतानाच करावी लागते. आधीच गहू बंद केला तर आजार असूनही तपासणीत न दिसण्याची शक्यता असते. ज्याला हा आजार किंवा गव्हाचा त्रास नाही, त्याने रेशनचा गहू सोडण्याचे काहीच कारण नाही. गहू सोडल्याने कुणी वेगाने धावू लागत नाही.

आता आपल्या मुलखाकडे पाहा. खाचरात भात, वरकस जमिनीवर नाचणी आणि वरी, भात निघाल्यावर त्याच ओलीवर वाल. यातल्या एकातही ग्लुटेन नाही. ज्वारी, बाजरी, मका यांतही नाही. शहरात 'ग्लुटेन-फ्री' म्हणून चढ्या भावाने विकले जाते, ते ठाकुरवाडीच्या चुलीवर पिढ्यान्‌पिढ्या भाजले जात आहे. नाचणीचे मूळ पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातले. त्याच बाजूच्या इथिओपियात टेफ या बारीक धान्याची आंबवलेली भाकरी, इंजेरा, रोज खातात. त्या देशाच्या अबेबे बिकिलाने १९६० साली रोमच्या ऑलिंपिकमध्ये अनवाणी धावून मॅरेथॉन जिंकली. आपल्याकडे नाशिक जिल्ह्यातला सावरपाडाही नागली-भाताच्याच मुलखातला. तिथल्या कविता राऊतने २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला कांस्य आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवले. पाड्यावरची लेक कुठवर जाऊ शकते, हे तिने दाखवले.

मग उणे कुठे पडते? भाकरीत नव्हे, कालवणात. नाचणीत कॅल्शियम भरपूर, शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. प्रथिने मात्र सातच ग्रॅम, म्हणजे तांदळाएवढीच. नुसत्या चटणी-भाकरीवर धावणाऱ्याचे भागत नाही. साध्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला सुमारे पाऊण ते एक ग्रॅम प्रथिने लागतात. लांब धावणाऱ्याला सव्वा ते दीड ग्रॅम धरा. म्हणजे पन्नास किलोच्या मुलीला दिवसाला साठ-पंचाहत्तर ग्रॅम. त्यातली वीस-पंचवीस तरी न्याहारीतून मिळायला हवीत.

आता जमाखर्च मांडू. शंभर ग्रॅम पिठाच्या दोन नाचणीच्या भाकऱ्या, ७ ग्रॅम. चाळीस ग्रॅम कुळथाच्या पिठाची पिठी, ९ ग्रॅम. दोन उकडलेली अंडी, १२ ग्रॅम. एकूण २८. अंडी नसतील तर मूठभर, म्हणजे तीस ग्रॅम, भाजलेले शेंगदाणे द्या. त्यांचे ७ धरून बेरीज २३ होते. कुळथाऐवजी मोड आलेल्या वालाचे बिरडे चालेल. आठवड्यातून एक-दोनदा सुकट धुऊन, कांद्यावर परतून द्या. वाळलेल्या सुकटीत शंभर ग्रॅमला पन्नासहून अधिक ग्रॅम प्रथिने असतात. चहा-खारीच्या खात्यात चार-पाच ग्रॅमच जमा होतात.

वेळ सांभाळा. धावण्याआधी वाटीभर नाचणीची आंबील किंवा एक केळे पुरे. धावून आल्यावर तासाभरात पोटभर न्याहारी. सोबत लिंबाची फोड असावी, त्याने अन्नातले लोह अंगी लागते. चहा तासभर उशिरा द्या, तो लोहाच्या आड येतो.

घरात सिलियाकचा रुग्ण असेल तर आणखी जपावे लागते. गिरणीत गव्हामागून नाचणी दळली तर गव्हाचे पीठ तिच्यात मिसळते. अशा घरी जाते पुन्हा बाहेर काढावे. डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ असते. सातूच्या पिठातही गहू किंवा जव असू शकतो. वेष्टनावरचा मजकूर घरातल्या शिकलेल्या मुलाकडून वाचून घ्या.

आणखी एक गोष्ट. पुष्कळ घरांत अंडे मुलाच्या ताटात पडते आणि मुलीच्या वाट्याला रस्सा येतो. धावते ती मुलगीही. तिच्या ताटातही दोन अंडी पडली पाहिजेत, आणि ती आधी पडली तरी बिघडत नाही.