शुक्रवारचा एक तास

पेपरमधली युद्धाची बातमी रणगाडे, विमानं आणि मेलेल्यांचा आकडा सांगते. दवाखान्यात पोचायला बाईला किती नाके ओलांडावे लागतात, हे त्यात सहसा नसतं.

१९६७च्या युद्धात इस्रायलनं वेस्ट बँक आणि गाझा हे पॅलेस्टिनी प्रदेश ताब्यात घेतले. ‘ताबा’ म्हणजे रोजच्या जगण्यात काय? वेस्ट बँकमध्ये माहेरी, शेतावर, दवाखान्यात कुठंही निघा, वाटेत लष्कराचा तपासणी नाका. कागद दाखवा, रांगेत थांबा, सैनिक सोडेल तेव्हा पुढं जा. बाळंतपणाच्या कळा काही रांगेसाठी थांबत नाहीत. २००० साली पॅलेस्टिनी लोकांचा दुसरा उठाव सुरू झाला आणि नाके वाढले. त्यानंतरच्या पाच-सहा वर्षांत साठाहून जास्त बायका नाक्यावरच बाळंत झाल्या, अशी नोंद संयुक्त राष्ट्रांच्या अहवालांत आहे. त्यातली कितीतरी बाळं दगावली.

हे सगळं आपल्या नावावर चाललंय, ही टोचणी काही इस्रायली बायकांना त्याआधीच लागली होती. पहिला उठाव डिसेंबर १९८७ मधला. महिनाभरात, जानेवारी १९८८ मध्ये, जेरुसलेमच्या एका चौकात मूठभर बायका काळे कपडे घालून उभ्या राहिल्या. हातात काळ्या पंजाच्या आकाराचे फलक, त्यावर एवढंच, ‘ताबा थांबवा’. भाषण नाही, घोषणा नाहीत. दर शुक्रवारी दुपारी एक ते दोन. येणारे-जाणारे त्यांना देशद्रोही म्हणायचे. बाई चौकात उभी राहिली की आणखी कुठल्या शिव्या मिळतात, ते आपल्याला सांगायला नको! या बायका गप्प राहायच्या आणि पुढच्या शुक्रवारी पुन्हा हजर. ‘विमेन इन ब्लॅक’ हे त्यांचं नाव. १९९१ मध्ये बेलग्रेडच्या बायका आपल्याच सरकारच्या युद्धाविरुद्ध अशाच उभ्या राहिल्या. पुढं आपल्या बंगळुरूतही.

२००१ मध्ये ‘मखसोम वॉच’ सुरू झालं. मखसोम म्हणजे नाका. इस्रायली बायका पाळीपाळीनं नाक्यांवर जायच्या. कुणाला अडवलं, किती वेळ, कशासाठी, ते लिहून ठेवायच्या.

नुसतं उभं राहून, लिहून काय होतं, असं कुणीही विचारेल. प्रश्न रास्त आहे. कधी होतंही. १९९७ मध्ये लेबनॉनकडे सैनिक नेणारी दोन हेलिकॉप्टर एकमेकांवर आदळून ७३ जण गेले. तेव्हा सैनिकांच्या आयांनी ‘चार आया’ नावाची चळवळ उभारली. त्यांनी लोकमत वळवलं आणि मे २००० मध्ये इस्रायली सैन्य लेबनॉनमधून बाहेर आलं. पण पॅलेस्टिनी भूमीवरचा ताबा काही उठला नाही.

४ ऑक्टोबर २०२३ ला इस्रायलच्या ‘विमेन वेज पीस’ आणि पॅलेस्टिनी ‘विमेन ऑफ द सन’ या संघटनांच्या बायका एकत्र जमल्या. मागणी एकच, वाटाघाटीला बसा. तीनच दिवसांनी, ७ ऑक्टोबरला, हमासनं हल्ला केला. त्यात व्हिव्हियन सिल्व्हर मारली गेली. वय ७४. ‘विमेन वेज पीस’ उभी करणाऱ्यांपैकी ती एक. गाझातल्या आजारी माणसांना स्वतःच्या गाडीतून इस्रायलच्या इस्पितळात पोचवणारी. ती ओलीस असेल, जिवंत असेल, अशी आशा घरच्यांनी पाच आठवडे धरली होती. तोवर गाझावर बॉम्ब पडत होते. तिथं तेव्हा सुमारे पन्नास हजार गरोदर बायका होत्या.

‘बघा, हेच फळ मिळालं तुमच्या शांततेला,’ असं म्हणणं सोपं होतं. पुष्कळांनी म्हटलंही. तिच्या मुलाला मात्र तसं वाटलं नाही. आईचं काम अर्धवट राहिलंय, म्हणून तो स्वतः त्यात उतरला.

सूड घ्यायचा सगळ्यात मोठा हक्क ज्याला होता, त्यानं तो घेतला नाही. मग दुरून बातम्या बघत ‘त्यांना असंच पाहिजे’ म्हणायचा हक्क आपल्याला कुणी दिला?